भरतीचं कोष्टक आणि पाण्याची ओढ



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते गुरुजी आम्हाला भूगोल शिकवत. भरती-ओहोटीचा धडा ते अर्धा वर्गात घेत आणि अर्धा धक्क्यावर. आजचा विषय त्या धक्क्यावरच्या अर्ध्या धड्याचा आहे. समुद्रात बुडी घेणाऱ्या माणसाला पाण्याचा प्रवाह आधी कळू शकतो का, कळला तर कितपत, आणि आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर तो कळावा म्हणून काय करायला हवं, एवढंच मला आज मांडायचं आहे.

पाऊस सरला की तारकर्ली, देवबाग, मालवण इथून स्कूबाच्या होड्या निघू लागतात आणि मेपर्यंत निघत राहतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर पर्यटक उतरतात. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यात प्रथमच समुद्रात डोकं बुडवलेलं असतं. पाठीवर हवेची टाकी, तोंडात रेग्युलेटर, आणि हात प्रशिक्षकाच्या हातात. कॅमेरा कुठे आहे, मासे दिसतील का, हे पर्यटक विचारतो. होडीचा तांडेल मात्र दुसरंच काही बघत असतो. जाळ्यांच्या बोयांचे दोर कुठल्या दिशेला कलले आहेत, बोयाच्या मागे पाण्याची शेपूट उमटते आहे का, नांगर टाकल्यावर नाळ किनाऱ्याकडे वळते की किल्ल्याकडे, हे त्याला बघायचं असतं. खाली ओढ किती आहे आणि ती कधी ओसरेल, हे तो वरून ओळखतो. हे ओळखणं त्याने वाडवडिलांकडून घेतलेलं आहे आणि बुडीचा सगळा भरवसा त्यावर आहे.

यातलं जे गणितात बसतं ते किनाऱ्यावरच्या घरांत पाठ असतं. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून ही पाऊणकी जमते. हिशेब ढोबळ आहे आणि तो मुंबईच्या बाजूला जास्त बरोबर येतो. भरतीची लाट आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. गोव्यातली पूर्ण भरती मुंबईच्या साधारण तासभर आधी होते आणि मालवण गोव्याच्या शेजारचं. आणखी एक गोष्ट पुस्तकात सहसा सापडत नाही. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण त्याच दिवशी शिगेला पोचत नाही, ते एक-दोन दिवसांनी पोचतं. अष्टमीच्या भांगाचंही तसंच. बुडीचा दिवस ठरवणाऱ्याने हे दोन दिवस विसरू नयेत.

या ढोबळ हिशेबापासून मिनिटाच्या अचूकतेपर्यंतच्या वाटचालीत आपल्या किनाऱ्याचा मोठा वाटा आहे, आणि त्याची आठवण कोणी काढत नाही. सर्व्हे ऑफ इंडियातला लष्करी अभियंता ए. डब्ल्यू. बेअर्ड याने १८७३ च्या सुमारास कच्छच्या आखातात भरतीमापक बसवले. मूळ हेतू वेगळा होता. तिथली जमीन समुद्राच्या मानाने वर येते आहे की खचते आहे, हे त्याला पाहायचं होतं. पण नोंदी हाती आल्या आणि त्यातून भरतीचा पद्धतशीर अभ्यास उभा राहिला. मुंबईत अपोलो बंदराच्या भरतीमापकाची नोंद १८७८ पासूनची आहे. हिंदी महासागराच्या काठावरच्या सर्वांत दीर्घ नोंदींत तिची गणना होते. समुद्राची पातळी किती वाढते आहे, हे आज पाहतानाही जगभरचे अभ्यासक अपोलो बंदरचे आकडे काढून बसतात.

आकडे जमले, पण त्यातून पुढच्या वर्षीची भरती कशी काढायची? विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी उत्तर दिलं. भरतीची रेघ वेडीवाकडी दिसते, पण ती ठरावीक लयींची बेरीज आहे. चंद्राची मुख्य लय १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची बरोबर १२ तासांची. या दोन लयी कधी एकमेकींना साथ देतात, तेव्हा उधाण. कधी विरोधात जातात, तेव्हा भांग. हे चक्र पावणेपंधरा दिवसांत पुरं होतं. शिवाय दिवसाला एकदाच येणाऱ्या लयी आहेत, चंद्र जवळ-लांब होण्याच्या आहेत. चंद्राच्या कक्षेचं प्रतल १८.६ वर्षांत फिरून जागेवर येतं, त्याचाही हिशेब ठेवावा लागतो. प्रत्येक लयीचा वेग आकाशातून ठरलेला असतो, जगभर सारखा. तिचा जोर किती आणि ती किती उशिराने पोचते, हे दोन आकडे मात्र प्रत्येक बंदराचे आपले असतात. ते मोजूनच काढावे लागतात, नुसतं डोकं चालवून सापडत नाहीत. मुंबईला चंद्राच्या मुख्य लयीचा जोर सव्वा मीटरच्या आसपास आहे, आणि हा आकडा अपोलो बंदरात पाणी मोजून मिळालेला आहे.

ही बेरीज हाताने करायची तर एका बंदराच्या एका वर्षाला माणूस महिनोन्‌महिने बसला असता. म्हणून १८७२ मध्ये केल्विन यांनी यंत्र बनवलं. त्यांचे सहकारी एडवर्ड रॉबर्ट्स यांनी १८७९ मध्ये खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी दुसरं यंत्र तयार करवून घेतलं. त्यात वीस लयींची वीस चाकं होती, पुढे ती चोवीस झाली. प्रत्येक चाकाला एक कप्पी, आणि सगळ्या कप्प्यांवरून वर-खाली जाणारी एकच तार. हँडल फिरवलं की चाकं आपापल्या गतीने फिरत, कप्प्या वर-खाली होत, आणि तारेच्या टोकाची लेखणी कागदावर सगळ्यांची बेरीज काढत जाई. लंडनमध्ये हँडल फिरवून मुंबईच्या पुढच्या वर्षाच्या भरत्या निघत. पुढे दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूलजवळच्या बिडस्टन इथे आर्थर डूडसन यांनी नॉर्मंडीच्या चढाईसाठी याच जातीच्या यंत्रांवर भरतीच्या वेळा काढल्या. आज हे काम संगणक क्षणात करतो, पद्धत तीच आहे. सर्व्हे ऑफ इंडियाची भरतीची कोष्टकं दरवर्षी निघतात. मोबाईलवर आपण जी वेळ बघतो, तिच्या मागेही हेच गणित आहे.

आता मुद्द्यावर येतो. हे सगळं गणित पाण्याच्या उंचीचं आहे. धक्क्यावर पाणी किती चढेल, गलबत गाळात रुतेल की तरेल, हे त्यातून कळतं. बुडी घेणाऱ्याला उंचीशी कर्तव्य नाही. त्याला हवा असतो पाण्याचा वेग आणि दिशा. आणि या दोन गोष्टी उंचीच्या कोष्टकात लिहिलेल्या नसतात.

बहुतेकांना वाटतं की भरती पूर्ण झाली की पाणी थांबतं, मग उलटं वाहू लागतं. बंद खाडीच्या आतल्या टोकाला हे खरं आहे. तिथे पाणी भरून झालं की जायला जागा नसते, म्हणून ते थबकतं. पण मोकळ्या समुद्रात भरती म्हणजे सरकणारी लाट. अशा लाटेत पाणी सर्वांत उंच असतं तेव्हाच त्याची पुढे जाण्याची गती सर्वांत जास्त असते. प्रत्यक्षातला किनारा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो. कुठे, ते त्या त्या जागेवर ठरतं. मोबाईलवर ‘पूर्ण भरती ११.४०’ वाचून बरोबर ११.४० ला उडी घेणारा नवखा माणूस त्यामुळे ऐन ओढीत सापडू शकतो.

हे सर्वांत ठळक दिसतं ते अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, डिसेप्शन पास नावाच्या खिंडीत. १७९२ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेला आधी वाटलं होतं की समोरची जमीन मुख्य भूमीला जोडलेली आहे. जोसेफ व्हिडबी याला ही अरुंद फट सापडली आणि जमीन बेट निघाली. त्या बेटाला त्याचंच नाव मिळालं. खिंडीच्या पश्चिमेला खुल्या सामुद्रधुनीचं पाणी आहे, पूर्वेला स्कॅगिट उपसागर. पश्चिमेकडे भरती थेट येते. पूर्वेकडे ती बेटाला दक्षिणेकडून वळसा घालून, बरीच उशिराने पोचते. म्हणजे एका बाजूला पाणी चढलेलं असताना दुसरीकडे ते उतरलेलं असतं. उंच-सखल पातळीच्या दोन हौदांमध्ये एक अरुंद मोरी ठेवावी तसं पाणी खिंडीतून धावतं, आठ नॉटच्या आसपास. तिथे पाणी थांबतं ते दोन्ही बाजूंची पातळी सारखी होते तेव्हा, आणि त्या क्षणी भरती ना पूर्ण असते ना ओहोटी. उंचीचं कोष्टक हातात धरून तिथे उतरणाऱ्याचा जीव जाईल.

तरीही त्या खिंडीत लोक बुडी घेतात, आणि खडकांवर लागलेल्या जीवांची दाटी बघून येतात. प्रवाहाच्या जोरावरच ते जीव तिथे पोसलेले आहेत. लोक उतरू शकतात, कारण अमेरिकेची नोआ ही संस्था उंचीपासून वेगळं, फक्त प्रवाहाचं कोष्टक काढते. त्यात पाणी कधी थांबणार, त्यानंतर कमाल वेग कधी आणि किती, आणि पुन्हा कधी थांबणार, हे रोजच्या रोज लिहिलेलं असतं. गणित केल्विनचंच. फरक इतकाच की प्रत्येक लयीचा जोर आणि उशीर पाण्याच्या उंचीवरून घेतलेला नसतो, वेगावरून घेतलेला असतो. त्यासाठी समुद्रतळावर ध्वनिलहरी सोडणारं यंत्र महिनाभर किंवा अधिक ठेवतात. पाण्यात तरंगणाऱ्या कणांवरून ध्वनी परत येतो, त्याच्या बदललेल्या स्वरावरून तळापासून पृष्ठभागापर्यंत प्रत्येक थराचा वेग कळतो. एक चांद्रमास पुरा नोंदला की मुख्य लयी वेगळ्या काढता येतात आणि पुढची अनेक वर्षं कोष्टक चालतं.

तिथल्या बुडी घेणाऱ्यांचे काही नियम आपणही उचलण्यासारखे आहेत. दिवस भांगाचा निवडायचा, कारण त्या दिवशी कमाल वेग कमी असतो आणि थांबलेलं पाणी जास्त वेळ टिकतं. पाणी थांबण्याच्या थोडं आधी उतरायचं, म्हणजे सुरुवात मावळत्या ओढीत होते आणि उलटी ओढ वाढायच्या आत बाहेर येता येतं. कोष्टकात फक्त कमाल वेग असेल तर मधल्या तासांसाठी एक ढोबळ प्रमाण आहे: पाणी थांबल्यापासून पहिल्या तासाअखेर कमाल वेगाच्या निम्मा, दुसऱ्या तासाअखेर नव्वद टक्के, तिसऱ्याला पूर्ण. ओढ हळूहळू वाढेल असं धरून बसलेल्या माणसाला हा दुसरा तास फसवतो. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांतही असंच आहे. स्कॅपा फ्लोच्या आतल्या शांत पाण्यात १९१९ साली बुडालेल्या जर्मन युद्धनौका दिवसभर बघता येतात, पण शेजारच्या बुरा साउंडमधल्या बुडवलेल्या जहाजांवर पाणी थांबेल तेवढ्याच वेळात उतरता येतं.

इतकी काटेकोर वेळ पाळायची ती का, हे शरीराच्या हिशेबावरून पटतं. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, कानाला किरकोळ वाटतं. पण हा वेग मिनिटाला ३१ मीटर होतो. दहा मिनिटांत माणूस नकळत तीनशे मीटर वाहून जातो, आणि वरून त्याचे बुडबुडे शोधणारी होडी भलत्याच जागी उभी असते. एका नॉटविरुद्ध पाठीवर टाकी घेऊन पोहत राहणं चांगल्या तयारीच्या माणसालाही फार वेळ झेपत नाही. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. आता हवा. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने २,४०० लिटर हवा मावते. निवांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला वीसेक लिटर हवा घेतो. वीस मीटर खोलीवर दाब तिप्पट, म्हणून तीच हवा साठ लिटरने संपते. चाळीस मिनिटं मिळतात, त्यातूनही राखीव वेगळी काढायची. प्रवाहाशी झगडताना श्वास दुप्पट झाला की चाळीसची वीस मिनिटं. धाप लागलेला माणूस घाबरतो, घाबरलेला आणखी जोरात श्वास घेतो, आणि वर येण्याची घाई करतो. बुडीतले कितीतरी अपघात या साखळीने होतात, आणि या साखळीची पहिली कडी बहुतेक वेळा चुकलेली वेळ असते.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. निसर्गाने आपल्याला तुलनेने सौम्य भरती दिली आहे. खंबातच्या आखातात भावनगरला उधाणात पाणी दहा मीटरहून जास्त चढतं-उतरतं. मुंबईला चार-पाच मीटर, आणि मालवणला दोन मीटरच्या आसपास. त्यामुळे डिसेप्शन पाससारखं काही आपल्याकडे नाही. पण म्हणून आपलं काम सोपं आहे असं समजू नये, ते वेगळ्या तऱ्हेने अवघड आहे. खिंडीत प्रवाह दोनच दिशांना जातो, तिथे गणित नीट बसतं. मोकळ्या किनाऱ्यावर तो दिवसभरात दिशा फिरवत राहतो, आणि कित्येकदा थांबतच नाही, नुसता मंदावतो. त्यात वाऱ्याची भर पडते. दुपारनंतर मतलई जाऊन समुद्राचा वारा सुटला की वरच्या थराला त्याची ओढ लागते. शिवाय आपल्या किनाऱ्यालगत एक वार्षिक प्रवाह आहे, तो पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. भरतीशी त्याचा काही संबंध नाही. डिसेंबरातल्या आणि मेमधल्या त्याच तिथीला त्याच खडकावर पाणी वेगळं का वागतं, याच्या उत्तराचा मोठा भाग इथे आहे.

आणि खाड्या. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीला खाडीचं गढूळ पाणी बाहेर येतं आणि वरच्या थरात पसरतं, भरतीला समुद्राचं स्वच्छ पाणी आत सरकतं. म्हणून चढत्या पाण्यावर बुडी घ्यायची, हे इथले प्रशिक्षक अनुभवाने सांगतात. खाडीच्या तोंडाशी कधी कधी वरचं पाणी एकीकडे आणि खालचं दुसरीकडे जातं. वरून शांत दिसणाऱ्या जागी तळाशी ओढ लागते ती यामुळे. खडकाच्या आडोशाला पाणी स्वस्थ असतं आणि दोन हात पलीकडे, कोपऱ्याला वळलं की जोर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आतल्या अंगाचं पाणी आणि बाहेरच्या अंगाचं पाणी एकाच घटकेला सारखं वागत नाही. हे सगळं कुठल्याही ॲपमध्ये नाही. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून लाटांचे आणि प्रवाहांचे अंदाज मिळतात, ते उपयोगी आहेत आणि प्रत्येक होडीवाल्याने बघावेत. पण त्यांचे चौकोन कित्येक किलोमीटरचे असतात. एका खडकाची कड त्यात दिसत नाही.

ती कड तांडेलाला माहीत आहे. माझी काळजी अशी की हे ज्ञान कागदावर नाही. रापणीचं जाळं ओढणारी पिढी थकते आहे. तिची मुलं स्कूबाच्या होड्यांवर आहेत, ती हुशार आहेत, धाडसी आहेत, पण त्यांनी समुद्र वल्ह्यावर शिकलेला नाही, इंजिनावर शिकलेला आहे. वल्हं मारणाऱ्याला ओढ हातात जाणवते. इंजिन ती लपवतं.

आणि आता आपण जास्त खोल, जास्त बाहेर जायला निघालो आहोत. २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेलं ‘गुलदार’ हे जहाज निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवून तिथे बुडीचं ठिकाण करण्याचा प्रकल्प शासनाने हाती घेतला आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, तिथे प्रवाळांचा माथा वीसेक मीटर खोलीवर आहे, आणि तिकडेही लोकांची नजर वळली आहे. या जागा किल्ल्याच्या आडोशासारख्या नाहीत. तिथे वीस मीटर खाली, मोकळ्या समुद्रात पर्यटक उतरणार असतील तर त्याआधी तळावर प्रवाहमापक ठेवून, निदान एक चांद्रमास हिवाळ्यात आणि एक चांद्रमास उन्हाळ्यात, मोजणी झाली पाहिजे, आणि त्यातून निघणारं कोष्टक धक्क्यावर सर्वांना वाचता येईल असं मराठीत लावलं पाहिजे. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था इथून जवळ आहे, हे काम तिच्या हातचं आहे. जहाजावर खर्च करायचा आणि पाणी मोजायचं नाही, हे मला मान्य नाही.

शासन करील तेव्हा करील. आपल्या हातात जे आहे ते आज सुरू करता येईल. होडी नांगरली की एक प्लास्टिकची बाटली तीन हिस्से पाण्याने भरून, झाकण लावून, नाळेजवळ दोरीने सोडा. भरलेली असल्यामुळे ती वाऱ्याने पळत नाही, पाण्याबरोबर जाते. होडीची लांबी ओलांडायला किती सेकंद लागले ते मोजा. आठ मीटरची होडी सोळा सेकंदांत ओलांडली तर वेग सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे जवळपास एक नॉट, आणि त्या वेळी नवख्याला खाली नेऊ नये. खाली गेल्यावर प्रशिक्षकाने खडकाच्या गवताचा कल बघावा, वर येऊन सांगावं. मग वहीत पाच गोष्टी लिहा: खडकाचं नाव, तारीख आणि तिथी, घड्याळाची वेळ, प्रवाहाची दिशा आणि वेग, वारा. पाणी मंदावल्याची वेळ सापडली तर ती लाल शाईने लिहा आणि त्या दिवसाच्या पूर्ण भरतीपासून ती किती मिनिटं पुढे-मागे आहे ते शेजारी मांडा. एक हंगाम हे नेमाने झालं तर प्रत्येक खडकाचा आपला आकडा दिसू लागेल. दोन हंगामांनी तो आकडा बराच पक्का होईल. या नोंदी समुद्रविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना द्या, त्यांना त्यांची गरज आहे.

या सभागृहात होडीमालक आहेत, प्रशिक्षक आहेत, मच्छिमार सोसायट्यांची मंडळी आहेत. बाहेरच्या टेबलावर कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत, रकाने आखून. गुरुजींच्या नावाने एवढं करावं असं आम्हा विद्यार्थ्यांना वाटलं. जाताना प्रत्येक होडीसाठी एक न्या, हंगामाच्या पहिल्या बुडीपासून भरायला लागा, आणि मे अखेर सगळ्या वह्या इथे परत आणून द्या. त्यातून मालवणच्या खडकांचं पहिलं प्रवाह-कोष्टक आम्ही छापू आणि ते प्रत्येक होडीला विनामूल्य देऊ.